छायाचित्रात तंत्र किती, अंतःप्रेरणा किती?

बजाजनगरात कॅमेऱ्यावर पोट असलेल्या माणसाकडे मुख्यतः दोन प्रकारची कामं येतात, कारखान्याची आणि लग्नाची. वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कंपनीला कॅटलॉगसाठी आपल्या सुट्या भागांचे फोटो हवे असतात. क्रोम केलेल्या नळीचा फोटो काढणं दिसतं तितकं सोपं नाही. खोलीतली खिडकी, ट्यूबलाइट, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागचा माणूस, सगळं त्या नळीवर उमटतं. म्हणून भोवती पांढऱ्या कापडाचा तंबू उभारायचा, दिवे बाहेरून मारायचे, नळीच्या कडा पार्श्वभूमीत विरून जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या लावायच्या, अ‍ॅपर्चर बारीक करून पुढच्या आट्यांपासून मागच्या तोंडापर्यंत फोकस पुरवायचा, आणि पांढरा खरोखर पांढरा येतोय ना हे तपासत राहायचं. इथे सगळा हिशेब आहे. तो चुकला की काम परत येतं.

संध्याकाळी तोच माणूस मंगल कार्यालयात उभा असतो. शेवटचं मंगलाष्टक संपत आलेलं असतं. एका बाजूने व्हिडिओवाल्याचा झगझगीत दिवा, मागे रंग बदलणारी एलईडीची भिंत, मध्ये मामांचे खांदे आणि समोर डझनभर उंचावलेले मोबाइल. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते आणि मुलगी मान वर करून पाहते. हे सगळं दोनेक सेकंदांत संपतं. अक्षता हवेत दिसायला हव्या असतील तर त्या दिसल्यावर बटण दाबून उपयोग नाही. हात हलायच्या आधी बोट हलावं लागतं. त्या दोन सेकंदांत हिशेबाला वेळ नसतो.

एकाच माणसाच्या एकाच दिवसातली ही दोन कामं छायाचित्रणातला सगळ्यात जुना प्रश्न समोर ठेवतात. चांगलं छायाचित्र कशाने होतं? प्रकाश, भिंग, फोकस आणि संस्करण यांवरच्या हुकमतीने, की कधी आणि कुठून पाहायचं हे विचार न करताच ठरवणाऱ्या आतल्या जाणिवेने? दोन्हींनी, हे उत्तर कोणीही देईल आणि ते खोटं नाही. पण त्या उत्तराने प्रमाण कळत नाही, क्रम कळत नाही, आणि शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी हेही कळत नाही. या वादाची आजची स्थिती काय आहे ते इथे पाहायचं आहे.

काचेच्या पट्ट्यांचा काळ

आपल्याकडे हा वाद छायाचित्रणाबरोबरच आला. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कसलेले छायाचित्रकार होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. मुंबईत पुढे स्वतःचा स्टुडिओ चालवणारे हरी चिंतामण हे त्या वर्गातून तयार झालेले. म्हणजे आपल्या पहिल्या पिढीतली ही माणसं वैद्यक आणि विज्ञान या वाटेने कॅमेऱ्याकडे आली. चित्रकलेच्या वाटेने येणारे नंतरचे.

त्या काळात तंत्र हे ऐच्छिक नव्हतंच. ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेवर द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, आणि दख्खनच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. तंबूतली अंधारखोली बैलगाडीवर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला अंतःप्रेरणा असून भागत नव्हतं, आधी काच वाचवावी लागायची.

आपल्या भागाचे फोटो काढणारे दोन मोठे छायाचित्रकार या प्रश्नाची दोन टोकं दाखवतात. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करायला आला तो चित्रकार म्हणून. कॅमेरा त्याने नंतर हाती घेतला, आणि अजिंठा-वेरूळची त्याची जोडचित्रं (स्टिरिओ फोटो) जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने आली. दुसरे लाला दीनदयाळ. हे रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकलेले, आराखडे काढण्यात हात बसलेले. निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाल्यावर वेरूळ, दौलताबाद हा सगळा मुलूख त्यांच्या कॅमेऱ्यात आला. त्यांच्या वास्तूंच्या फोटोंत उभ्या रेषा उभ्याच राहतात, पायऱ्या मोजता येतात. गिल चित्रकलेकडून यंत्राकडे आला, दीनदयाळ यंत्राकडून चित्राकडे गेले. दोघांचंही काम टिकलं.

युरोपात याच सुमारास वाद तात्त्विक झाला. पीटर हेन्री इमर्सन या डॉक्टर-छायाचित्रकाराने १८८९ च्या आपल्या ग्रंथात छायाचित्रण ही कलाच आहे असं हिरिरीने मांडलं. मग १८९० मध्ये फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की काचेवर किती प्रकाश पडला आणि ती किती काळी झाली, यांचं नातं ठरावीक वक्ररेषेत बांधलेलं असतं. इमर्सनला हा मोठाच धक्का बसला. छटा माझ्या मर्जीने बदलत नसतील तर मी कलावंत कसला, असा त्याचा तर्क होता. त्याने काळ्या किनारीची पुस्तिका काढून आपलं मत जाहीरपणे मागे घेतलं. हा प्रसंग मला या साऱ्या वादातला सगळ्यात बोलका वाटतो, कारण याच वक्ररेषेवरून पन्नास वर्षांनी दुसऱ्या एकाने बरोबर उलटा निष्कर्ष काढला. त्याच्याकडे येऊच.

त्याआधी दोन मराठी नावं. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला, छपाईचं तंत्र शिकायला जर्मनीला गेले. १९१२ मध्ये त्यांनी एका कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज एक चौकट अशा बेताने टिपली आणि तो छोटा चित्रपट दाखवून भांडवल उभं केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. ती कल्पना कवीची आहे, पण दररोज त्याच जागी, तसाच प्रकाश ठेवून हँडल एकदाच फिरवण्याची शिस्त कारागिराची. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत वाढले, आणि चित्रपट काढायचा म्हटल्यावर सहकारी दामल्यांच्या साथीने त्यांनी कॅमेराच तयार केला. या दोघांपुढे कोणी तंत्र की कला असा प्रश्न ठेवला असता तर त्यांना तो कळला नसता असं मला वाटतं. पुढे मात्र कामं विभागली गेली, फिल्म धुणारा वेगळा, फोटो काढणारा वेगळा झाला, आणि प्रश्नाला धार आली.

तंत्र आधी म्हणणारे

या बाजूचा सगळ्यात मोठा वकील अमेरिकेचा अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स. १९४० च्या सुमारास त्याने फ्रेड आर्चरबरोबर झोन पद्धत बसवली: काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अकरा पायऱ्या, आणि समोरच्या दृश्यातली कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर बसवायची हे बटण दाबण्याआधी छायाचित्रकाराने ठरवायचं. या पद्धतीचा पाया हर्टर-ड्रिफिल्डचीच वक्ररेषा. इमर्सनला जिथे बेडी दिसली तिथे अ‍ॅडम्सला मोकळीक दिसली: नियम पक्का आहे म्हणूनच मी त्याच्यावर भरवसा ठेवून मनातलं चित्र कागदावर आणू शकतो.

१९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाजवळून जाताना त्याला चंद्रोदय दिसला. खाली कबरस्तानातले पांढरे क्रूस मावळत्या उन्हात चमकत होते आणि ऊन कुठल्याही क्षणी जाणार होतं. मोठा कॅमेरा कसाबसा उभा केला, तर प्रकाशमापक सापडेना. पण चंद्राची तेजस्विता दर चौरस फुटाला २५० कँडल असते, हे त्याला पाठ होतं. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने एफ ३२ वर एक सेकंद प्रकाश दिला. दुसरी प्रत घेण्यासाठी प्लेट होल्डर उलटा करीपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलेलं होतं. हा फोटो तंत्राचा म्हणायचा की उत्स्फूर्ततेचा? तंत्रवादी म्हणतात, पाठांतर नसतं तर प्रेरणा रित्या हाताने परतली असती. आणखी एक गोष्ट ते पुढे करतात: मूळ निगेटिव्ह सदोषच होती. पुढच्या भागाची घनता अ‍ॅडम्सने १९४८ मध्ये रसायनांनी वाढवली, आणि आकाश पुढे वर्षानुवर्षं प्रिंटमध्ये गडद करत नेलं. क्षण सेकंदाचा होता, चित्र अनेक वर्षांत झालं.

आपल्याकडे ही बाजू दोन ठिकाणी रुजली. एक क्लबांमध्ये. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ ची, फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी १९५३ ची. त्यांच्या सॅलॉन प्रदर्शनांनी हौशी माणसाला शिस्त लावली. फोकस, छटा, चौकटीची मांडणी यांवर गुण मिळायचे. या क्लबांना पुढे ठोकळेबाज म्हणून नावं ठेवली गेली आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या काळात शिकायला दुसरी जागाच नव्हती, त्या काळात बँकेतल्या कारकुनाला आणि दुकानदाराला डार्करूमचं शिक्षण क्लबांनीच दिलं, हेही तितकंच खरं.

दुसरं ठिकाण कारखाना. मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी मुंबईत बसून स्वातंत्र्योत्तर भारताच्या उद्योगीकरणाची कृष्णधवल प्रतिमा घडवली: टाक्या, चिमण्या, पाइपांच्या ओळी, त्यांच्यापुढे इवलासा माणूस. औद्योगिक छायाचित्रणात धूळ, धूर आणि अर्धवट उजेड यांच्याशी झगडल्याशिवाय काही हाती लागत नाही. तंत्रावर एवढी हुकमत असलेल्या माणसाच्या फोटोंत भूमितीचं काव्य दिसावं, हा या बाजूचा भक्कम पुरावा आहे. बेदी गेले त्याच १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगरची वस्ती वाढत गेली. आमच्या इथल्या स्टुडिओंनी तेव्हापासून गेटपासचे फोटो काढले, लग्नं काढली, कंपन्यांची कॅटलॉग काढली.

नजर आधी म्हणणारे

दुसऱ्या बाजूचं प्रमाण म्हणजे हेन्री कार्तिए-ब्रेसाँचं काम. १९५२ च्या त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावावरूनच ‘निर्णायक क्षण’ ही कल्पना जगभर गेली. छोटा लायका कॅमेरा, पन्नास मिलिमीटरचं भिंग, फ्लॅशला नकार. फिल्म धुण्याचं आणि प्रिंटचं काम तो प्रयोगशाळेवर सोपवायचा. म्हणजे अ‍ॅडम्सच्या लेखी जे अर्धं काम, ते ब्रेसाँने दुसऱ्याच्या हाती दिलं आणि तरीही विसाव्या शतकातल्या सर्वांत थोर छायाचित्रकारांत त्याची गणना होते. मात्र त्याचा दाखला देताना एक तपशील वारंवार गाळला जातो. त्याने तरुणपणी आंद्रे लोत या चित्रकाराकडे रचनेचं कडक शिक्षण घेतलं होतं. त्याची नजर उपजत असेलही, पण ती न घडवता राहिलेली नव्हती.

मराठी मुलखात ही बाजू बहुधा माणसांच्या फोटोंतून बोलते. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ पाहावं. राहुटीतला रंग, कनातीमागचं आवरणं, फडाच्या जगण्यातली दमछाक, हे टिपायला कॅमेऱ्याची पुस्तिका कामाला येत नाही. त्या माणसांनी तुम्हाला विसरून जावं इतका वेळ त्यांच्यात काढावा लागतो. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम याच जातीचं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो काढताना कुठे उभं राहायचं हा प्रश्न भिंगाचा आहे, त्याहून तो नात्याचा आहे. या बाजूचे लोक अंतःप्रेरणा म्हणतात तेव्हा त्यात हे नातंही धरतात, आणि तंत्रवादी त्यांना उत्तर देताना हा भाग बहुतेक वेळा विसरतात.

गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांना कुठल्या बाजूला बसवायचं हे ठरत नाही. रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेत गेला आणि पुढे हिंदी-मराठी चित्रसृष्टीचे चेहरे त्याच्या कॅमेऱ्याने घडवले. १९९७ चं त्यांचं ‘फेसेस’ उघडलं तर प्रकाशयोजना नेटकी आहे, पण लक्षात राहते ती समोरच्या माणसाची सैल झालेली मुद्रा. दिवे कसे लावले ते शिकता येईल. मुद्रा सैल कशी झाली ते कसं शिकवणार?

अजिंठ्याची परीक्षा

या दोन्ही बाजूंना अडचणीत टाकणारं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रांची नोंद करणं हे गेली पावणेदोनशे वर्षं चाललेलं काम. गिलच्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यातल्याही अनेक १८८५ मध्ये आगीत गेल्या. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रणावर आधारलेले चार खंड काढले. इथे तर अंतःप्रेरणेला जागाच नसावी असं वाटेल. भिंतीवर जे आहे ते उतरवायचं.

पण भिंतीवर काय आहे हेच मुळात पक्कं नाही. निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२० च्या दशकात चित्रं टिकावीत म्हणून शेलॅकचा लेप दिला, आणि तो पुढे पिवळा पडत गेला. पिवळेपणासकट फोटो काढायचा की तो वजा करून? बाहेरून आणलेल्या प्रखर दिव्याने रंग वेगळे दिसतात, आणि ज्या मंद उजेडात ती चित्रं पाहिली जात असतील त्यात वेगळे. १९९१ च्या सुमारास बिनॉय बहल यांनी कृत्रिम दिव्यांचा झोत टाळून, गुहेत पोचणाऱ्या क्षीण प्रकाशात दीर्घ एक्सपोजर देऊन ही चित्रं टिपली, आणि पद्मपाणीच्या चेहऱ्याचा मऊ गोलवा अनेकांना पहिल्यांदा दिसला. तंत्र म्हणून ते निव्वळ चिकाटीचं काम. पण कमी प्रकाशातच हे चित्र उमलेल, हा अंदाज आला कुठून? नाशिकचे प्रसाद पवार संगणकावर अजिंठ्याच्या चित्रांची पुनर्स्थापना करत आले आहेत. गळलेल्या गिलाव्याच्या जागी काय असावं हे ठरवताना अभ्यास कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते, हा प्रश्न तिथे दर चौरस इंचाला उभा राहतो. काटेकोर नोंदीलाही निवड टाळता येत नाही, एवढं अजिंठा निश्चित दाखवतं.

मधली वाट आणि तिचा आधार

संस्कृत काव्यशास्त्राने हा वाद कवितेच्या संदर्भात केव्हाच घातला आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन अंगं सांगितली आणि ती वेगवेगळी कारणं न मानता तिघांचं मिळून एकच कारण मानलं. सतराव्या शतकातल्या जगन्नाथ पंडिताने त्याला छेद देत प्रतिभा हेच एकमेव कारण ठरवलं. व्युत्पत्ती आणि अभ्यास असले तर ते प्रतिभेला जन्म देणारे. आजचे छायाचित्रकार ज्या मुद्द्यावर अडतात तो नेमका हाच आहे: अभ्यास हा प्रतिभेचा जोडीदार की तिची आई?

आधुनिक संशोधन जगन्नाथाच्या या दुसऱ्या भागाकडे झुकतं, असं मला दिसतं. ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या भावांनी १९८० मध्ये कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिका नियम पाळतो, मुरलेला माणूस परिस्थिती पाहताच कृती करतो आणि नियम विचारले तर अडखळतो. वाळूजच्या शेडमधला जुना टर्नर लेथच्या आवाजावरून टूल बोथट झालं की नाही ते सांगतो. मायक्रोमीटर तो नंतर लावतो. पण अशी प्रेरणा सगळीकडे तयार होत नाही. २००९ मध्ये डॅनियल कानेमन आणि गॅरी क्लाइन या एरवी विरुद्ध मतांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एकत्र निबंध लिहिला. अंतःप्रेरणेवर विश्वास कधी ठेवावा याच्या दोन अटी त्यात आहेत: क्षेत्रात काही नियमितपणा हवा, आणि आपण केलेल्या निवडीचा परिणाम पुरेसा स्पष्ट कळून शिकायची संधी हवी.

लग्नाच्या फोटोग्राफीला हे तंतोतंत लागू पडतं. अंतरपाट कधी दूर होईल हे ओळीओळीने आधी कळतं, शेकडो लग्नांत क्रम तोच असतो. म्हणून तिथली उत्स्फूर्तता ही मुरलेली ओळख असते. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात दिंड्या येतात तेव्हा, किंवा मार्चमध्ये वेरूळच्या दहाव्या लेण्यात दुपारनंतर सूर्यकिरण बुद्धमूर्तीपर्यंत पोचतात तेव्हा, चांगला फोटो आणतो तो आधी येऊन गेलेलाच. दंगल, अपघात, अनोळखी देश अशा ठिकाणी मात्र नियमितपणाची अट तुटते. तिथे काम करणारी नजर कशाची बनलेली असते, याचं उत्तर या सिद्धांताजवळ नाही.

यंत्र शिकू लागल्यावर

एके काळी हातात असलेलं तंत्र टप्प्याटप्प्याने कॅमेऱ्यात गेलं. कॅननच्या एई-१ ने १९७६ मध्ये एक्सपोजरचा हिशेब छोट्या संगणकावर सोपवला, मिनोल्टा ७००० ने १९८५ मध्ये ऑटोफोकस सर्वसामान्यांपर्यंत नेला. आता मोबाइल अनेक फ्रेम एकावर एक रचून रात्रीचा दिवस करतो. प्रत्येक टप्प्यावर तेच दोन आवाज उठले. एक म्हणाला, आता कलेला मोकळीक मिळाली. दुसरा म्हणाला, आता कोणी शिकणारच नाही. दोन्ही भाकितं अर्धी-अर्धी खरी ठरली. फोकस चुकलेले फोटो कमी झाले, एकसारखे फोटो वाढले.

अलीकडचा बदल वेगळा आहे, आणि तोही चंद्रावरूनच समजून घेता येतो. २०२३ मध्ये एकाने मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र पडद्यावर लावून सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो घेतला, तर फोनने त्यात मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि बारकावे भरले. चंद्र ओळखून तपशील वाढवला जातो, हे कंपनीनेही स्पष्ट केलं. अ‍ॅडम्सला चंद्राचा एक आकडा माहीत होता. या फोनला चंद्र कसा दिसायला हवा हे आधीच शिकवलेलं होतं. त्याच वर्षी जर्मनीचे बोरिस एल्डाग्सन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी स्पर्धेत मिळालेला पुरस्कार नाकारला, कारण ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं होतं आणि परीक्षकांना ते कळतं का हेच त्यांना पाहायचं होतं. आजवर यंत्राने हाताची जागा घेतली होती. आता ते निवडही करू लागलं आहे, आणि निवड ही तर नजरवाल्यांची हक्काची जमीन होती. त्यामुळे या घडीला दोन्ही जुनी घराणी एकाच बाजूला येऊन उभी आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न शिकण्याचा. फिल्मच्या काळात छत्तीस फ्रेमचा रोल धुऊन येईपर्यंत परिणाम कळत नसे. चूक महाग होती म्हणून आधी विचार व्हायचा. आता पडद्यावर निकाल लगेच दिसतो. कानेमन-क्लाइन यांच्या अटीनुसार आजच्या मुलांची नजर लवकर तयार व्हायला हवी. पण पडद्यावर लगेच दिसतं ते एक्सपोजर आणि फोकस. फोटोत अर्थ आहे की नाही हे दोन वर्षांनी अल्बम उघडला की कळतं, आणि तोवर तो काढणाऱ्याला कोणी सांगायला येत नाही. स्वतः हाताने काम न करता केवळ निकाल पाहून नजर तयार होते का, यावर ठाम सांगता येईल असं काम माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा प्रश्न शिकवण्याच्या क्रमाचा. आयटीआयसारख्या ठिकाणी कॅमेरा हे उपकरण म्हणून शिकवलं जातं, कला महाविद्यालयात दृश्यभाषेचं माध्यम म्हणून, पत्रकारितेच्या विभागात बातमीचं साधन म्हणून. तिन्ही ठिकाणचे विद्यार्थी शेवटी एकाच मंगल कार्यालयात काम करताना भेटतात. कुणाची सुरुवात अधिक फळली, याची तुलना व्हायला हवी.

तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो: नजर मुरायला लागणारा वेळ कोणाला परवडतो? हप्त्यावर कॅमेरा घेतलेल्या मुलाला एका मोसमात जमतील तितकी लग्नं काढावीच लागतात, आणि गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरचा नमुना दाखवून तसंच करून मागतं. तिथे अंतःप्रेरणेने काढलेला फोटो अल्बमबाहेर राहतो. तंत्र आणि प्रेरणा यांचा तोल हा पुष्कळदा कलावंताच्या मनात न ठरता कामाच्या दरात ठरतो, आणि सिद्धांत मांडणारे मोठे छायाचित्रकार याबद्दल फारसं बोललेले नाहीत.

या प्रश्नांच्या उत्तरासाठी लागणारं साहित्य थोरांच्या निवडक फोटोंत सापडणार नाही. ते सापडेल टाकून दिलेल्या फ्रेममध्ये: हार गळ्यात पडायच्या आधी दाबलेलं बटण, नंतर दाबलेलं बटण, आणि काही वर्षांनी बरोबर लागलेला तो एक फोटो. वाळूज परिसरातल्या जुन्या स्टुडिओंत १९८५ नंतरच्या निगेटिव्हचे डबे अजून असतील, आणि नव्या स्टुडिओंच्या हार्डडिस्कवर नापास झालेल्या हजारो फाइली. जागा हवी म्हणून त्या दर मोसमाअखेर पुसल्या जातात. स्टुडिओवाल्यांना माझी विनंती आहे: वर्षातलं निदान एक लग्न आणि एक कारखाना, चुकलेल्या फ्रेमसह, तारीख घालून जसाच्या तसा जपून ठेवा. आणि शहरातल्या कला व पत्रकारितेच्या विभागांनी ते मागून घ्यावं, विद्यार्थ्यांना त्यावर काम द्यावं.